दातखीळ

मामांच्या पंच्याहत्तरीला चार दिवस उरले असताना सकाळी मी भाकरीचा तुकडा तोंडाजवळ नेला आणि तोंड उघडेना.

दात जेमतेम बोटभर फाकले आणि तिथंच थांबले. उजव्या कानापुढं कुणीतरी आतून कडी घातल्यासारखं वाटलं. जरा जोर लावला तर डोळ्यांपुढं काजवे चमकले. तुकडा परत ताटात ठेवला आणि समोर पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याच्या हाताला हात लावला.

"हं, बोल," हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

तेच तर जमत नव्हतं. मी तोंडाकडं बोट दाखवलं. यांनी बराच वेळ माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि विचारलं, "काय लागलंय?" मग काहीतरी उमगलं असावं, कारण त्यांनी स्वतःच मोठा आ केला आणि म्हणाले, "असं कर."

मी मान हलवली. त्यांनी आणखी मोठा आ करून दाखवला. जणू कसं करायचं तेच मी विसरले होते.

तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. आत्याबाईंनी एकदा लेकाच्या उघड्या तोंडाकडं पाहिलं, एकदा माझ्या मिटलेल्या, आणि निदान केलं.

"दातखीळ बसली की गं हिची."

त्यांच्या माहेरी एक चुलती होती. घरात भांडण निघालं की तिची दातखीळ बसायची आणि ती आडवी व्हायची. त्यामुळं उपचार आत्याबाईंना पाठ होते. आधी त्यांनी कांदा फोडून माझ्या नाकाला लावला. मला शिंक आली. तोंड मिटलेलं असताना शिंकायची पाळी कुणावर आली नसेल तर सांगते, ती शिंक कानातून जाते. कांद्यानं काही होत नाही म्हटल्यावर त्या आत जाऊन चमचा घेऊन आल्या. तो दातांच्या फटीत घालून उचकटायचा असतो म्हणे. मी ताटावरून उठून टेबलाच्या पलीकडं गेले. त्या चमचा घेऊन माझ्यामागं आल्या. आम्ही दोघी टेबलाभोवती फिरत असताना मामा ओसरीवरून आत डोकावले.

"अगं, दातखीळ बसलेली माणसं अशी पळत नसतात," ते म्हणाले आणि परत बाहेर जाऊन बसले.

ही गोष्ट वीसएक वर्षांपूर्वीची, आम्ही फलटणला राहत होतो तेव्हाची. हे दूध संघात नोकरीला होते आणि मी गावातल्या एका गॅस एजन्सीत फोनवर बसायची. सिलिंडरचा नंबर लावायचा तर तेव्हा लोक फोन करायचे, आणि सिलिंडर आला नाही की पुन्हा फोन करायचे. दुसरे फोन जास्त असायचे. घाटात ट्रक अडकला, संप झाला, सण आला, काही झालं तरी बोलणी मी खायची. कुणाच्या घरी बारसं, कुणाचे जावई जेवायला आलेले, कुणाची डाळ अर्धी शिजलेली. प्रत्येकाला माझं एकच उत्तर असायचं, "हो, बघते." बघण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं. पण एवढं म्हटलं की माणूस फोन ठेवायचा, आणि दुसरा माणूस फोन करायचा.

घरी आल्यावरही तेच. मी मोठी सून. नणंदेच्या सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन फलटणला करायचं ठरलं, तर हो, बघते. दूध संघातले चौघे जण आयत्या वेळी जेवायला, तर हो, बघते. आत्याबाईंना गुरुवारी दत्ताला जायचंय, मामांची बीपीची गोळी संपलीय, गच्चीतली टाकी वाहतेय. मला कुणी छळत होतं असं नाही. सगळी माणसं चांगली होती. त्यांना फक्त मी आहे याची फार सवय झाली होती.

तर त्या सकाळी आत्याबाई चमचा ठेवायला आत गेल्या आणि फोन वाजला. कोल्हापूरहून आमच्या वन्सं. शकूताई त्यांचं नाव, मामांची एकुलती एक लेक, आणि पंच्याहत्तरीचा सगळा कार्यक्रम त्यांच्या डोक्यातून निघालेला. डोकं त्यांचं आणि हात माझे, अशी वाटणी होती. त्यांनी सुरू केलं की पंगतीला जिलबी तर आहेच, पण आलेल्या प्रत्येकाला जाताना घरचे लाडू बांधून द्यावेत, बेसनाचे नकोत, रव्याचे करावेत, आणि वहिनी, तुम्ही घरीच केले तर ती चव येते.

मी म्हणाले, "ह्म्म."

"म्हणजे?"

"ह्म्म."

मग वन्सं जरा वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "बरं, बघू मग," आणि त्यांनी फोन ठेवला. "बघू" हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

दहा वाजता हे मला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. वाटेत भेटलेल्या एकानं धनुर्वाताची शंका काढली होती आणि त्याच्या मावसभावाचं काय झालं तेही सविस्तर सांगितलं होतं. त्यामुळं दवाखान्यात पोचेपर्यंत यांचा चेहरा पांढरा पडला होता. डॉक्टरांनी मला तपासलं, धनुर्वात नाही म्हणून सांगितलं, तरी यांच्या समाधानासाठी मला एक इंजेक्शन दिलं आणि दाताच्या डॉक्टरांकडं पाठवलं.

डॉक्टर किणीकरांचा दवाखाना बाजारपेठेत एका कापडाच्या दुकानावर होता. साठीचे गृहस्थ, कोरड्या आवाजाचे. त्यांनी मला खुर्चीत आडवं केलं, दोन्ही कानांपुढं बोटं ठेवली आणि मला जेवढं उघडेल तेवढं तोंड उघड-मीट करायला सांगितलं. मग फटीतून छोटा आरसा आत सरकवून बराच वेळ बघत राहिले.

"किती वर्षं दात खाताय?" त्यांनी विचारलं.

"दात कशाला खाईल, भाकरी खाते की ती," हे म्हणाले. मला बोलता येत नाही म्हणून माझी उत्तरं आपण द्यायची, असं यांनी जिन्यातच ठरवलेलं होतं.

"झोपेत खातात त्या. दाढा पार सपाट झाल्यात. रात्री करकर आवाज येत असेल."

मी मान वळवून यांच्याकडं बघितलं. दूध संघाच्या हिशेबात घोळ सापडल्यावर त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसा झाला होता.

"तो उंदीर नव्हता?" त्यांनी हळूच विचारलं.

मग डॉक्टरांना सगळं सांगावं लागलं. मागच्या दिवाळीपासून आमच्या खोलीत रात्री उंदीर काहीतरी कुरतडायचा. यांनी पिंजरा आणून माझ्याच खाटेखाली लावला होता. आधी खोबरं लावलं, मग भजी, शेवटी सुका बोंबील. खोलीला महिनाभर बोंबलाचा वास येत होता, पण उंदीर काही सापडला नाही. हे तो फार हुशार उंदीर आहे म्हणायचे, आणि आत्याबाई म्हणायच्या, सुनेनं खाटेखालून केरसुणी फिरवली तर उंदीर होतीलच कशाला. मी रोज खाटेखालून केरसुणी फिरवत होते.

डॉक्टरांनी हे सगळं मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"उंदीर सापडला," ते म्हणाले. "खुर्चीत आहे."

नंतर त्यांनी मला एकेक विचारायला सुरुवात केली आणि मी मान हलवत गेले. सकाळी उठताना डोकं दुखतं? दुखतं. यांनी लगेच सांगितलं, त्यासाठी दोनदा चष्मा बदलला. कान दुखतो? त्याचे थेंब चालू आहेत. मान? त्यासाठी उशी पातळ केली, मग जाड केली, आता उशीच काढून टाकलीय. पोटात जळजळ? त्याच्या गोळ्या तर ती पर्समध्येच ठेवते. प्रत्येक दुखण्यावर आम्ही काय काय केलं ते सांगताना यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. बायकोच्या दुखण्याकडं दुर्लक्ष केलं असं कुणी म्हणू शकलं नसतं.

"राग कुणाचा येतो?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"हिला राग येतच नाही," हे म्हणाले. "इतकी वर्षं झाली लग्नाला, एकदा आवाज चढवलेला नाही. आमच्या सगळ्या पाहुण्यांत म्हणतात, सून असावी तर—"

"तुम्ही जरा बाहेर बसा."

हे बाहेर गेले. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "माणूस रागावला की दातओठ खातो म्हणतात. जुन्या लोकांनी उगाच म्हटलेलं नाही ते. दिवसा खाल्ले तर लोक बघतात, म्हणून तुम्ही रात्री खाताय. कुणावर?"

कुणावरच नाही, असं मी दातांतल्या दातांत म्हणायला लागले. "कुणा" पर्यंत आले आणि डोळ्यांतून पाणी आलं. तोंड न उघडता रडणं मला फार अवघड गेलं नाही. बहुतेक सवय असावी. डॉक्टरांनी कापसाचा एक मोठा बोळा माझ्या हातात दिला आणि पाठ करून हत्यारं धूत उभे राहिले. नळ बराच वेळ चालू होता.

मग त्यांनी यांना आत बोलावलं आणि दोघांना मिळून सांगितलं. ताण नुसता मनात राहत नाही, तो अंगात कुठंतरी मुक्कामाला जातो, कुणाच्या पोटात, कुणाच्या पाठीत. माझा जबड्यात उतरला होता, आणि डोकं, कान, मान ही त्याच्या शेजारची घरं. रात्रभर आवळून आवळून सांधा अडकला होता. सैल होईल, पण वेळ लागेल. गोळ्या, गरम कापडाचा शेक, चावायचं काही नाही, आणि पंधरा दिवस बोलणं अगदी कमीत कमी. तोंड थोडं उघडायला लागलं की माप घेऊन रात्री घालायला दातांचं कव्हर करून देतो म्हणाले.

"कव्हर दात वाचवेल. दिवसाचं तुम्ही बघा."

मी सवयीनं "हो, बघते" म्हणायला गेले आणि जबड्यानं मला मध्येच अडवलं.

दुसऱ्या दिवशी मी एजन्सीत गेले आणि कोठारीशेठना तोंडाची हकिगत खुणेनं सांगितली. कोठारीशेठ म्हणजे आमचे मालक. माणूस मायाळू, पण फोनवर बसणं हे काम आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. पंख्याखाली बसून नुसतं बोलायचं तर असतं, असं ते म्हणायचे. त्यांनी मला पावत्या लावायला बसवलं आणि फोन स्वतः घेतला. पहिल्या दोघांना त्यांनी घाटाची परिस्थिती समजावून सांगितली. तिसऱ्याशी वाद घातला. चौथ्या बाईंनी त्यांचं काही ऐकूनच घेतलं नाही, तुमच्यात ती बाई बसते तिला द्या, तिला कळतं म्हणाल्या. दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत शेठच्या डाव्या डोळ्याची पापणी उडायला लागली होती. त्यांनी डबा उघडला, बंद केला आणि माझ्याकडं हात पुढं केला.

"ती पित्ताची गोळी असते ना तुमच्या पर्समध्ये, एक द्या."

दुसऱ्या दिवसापासून फोनवर आळीपाळीनं दोघांनी बसायचं, असं त्यांनी आपण होऊन ठरवलं. मी त्यासाठी काही केलं नव्हतं. करणं शक्यच नव्हतं.

शनिवारी वन्सं आल्या. आल्या आल्या त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. माझ्या तोंडाचं त्यांना समजलेलं होतं, पण मी गप्प आहे ती दुखण्यानं की त्या दिवशीच्या लाडवांवरून, एवढं नक्की होत नव्हतं. त्यांनी पुन्हा लाडवांचा विषय काढला. मी त्यांच्याकडं पाहत राहिले, दुसरं काय करणार.

"म्हणजे सगळ्यांना नाही," वन्सं म्हणाल्या. "जवळच्या पाहुण्यांना."

मी पाहत राहिले.

"फार होतात का? बरं, नुसते घरच्यांना करू." त्यांनी पदर खोचला, सोडला. "नाहीतर बाहेरून आणू. पेढेच आणू सरळ. लाडू कुणाला लागतात हल्ली?"

मी मान डोलावली. इतकी वर्षं मी समजत होते की माणसांना नकार ऐकवत नाही. खरं तर त्यांना उत्तर लगेच मिळालं नाही की ती स्वतःच स्वतःचं ऐकायला लागतात. ऐकून पुष्कळदा लाजतात. त्या दिवशी गाद्या यांनी आणि वन्संच्या मिस्टरांनी गच्चीवरून उतरवल्या. भाजी आत्याबाईंनी शेजारच्या दोघींना बोलावून निवडून घेतली. मंडपवाल्याशी वन्सं स्वतः भांडल्या, आणि भांडून आल्यावर पाणी पिताना म्हणाल्या, "फार डोकं उठवतो हो तो माणूस. तुम्ही कसं बोलता त्याच्याशी?" मी तोंडाला गरम कापड लावून बसले होते.

रविवारी अंगणात मंडप पडला. पंच्याहत्तर दिव्यांनी मामांना ओवाळलं. मामा फेटा बांधून खुर्चीत बसले होते आणि प्रत्येक नमस्काराला ओढून आणल्यासारखे हसत होते. माझे धाकटे दीर विक्रमभाऊजी ठाण्याहून बायको-मुलांना घेऊन आलेले. ओवाळणं झालं, सत्कार झाला, आणि जेवणाआधी भाऊजी माईक घेऊन दोन शब्द बोलायला उभे राहिले. भाऊजींना माईक आवडायचा.

वडिलांविषयी चांगलं बोलले. मग म्हणाले की, या शुभदिनी आणखी एक आनंदाची बातमी. त्यांची बदली सुरतेला झाली होती, आणि मुलांच्या शाळेचा खोळंबा नको म्हणून दोघंही मुलं आता आजी-आजोबांच्या सहवासात, फलटणलाच राहतील. "निदान थोरल्याची दहावी होईपर्यंत. वहिनींशी माझं बोलणं झालंय, वहिनी हो म्हणाल्यात."

बोलणं झालं होतं. दोन महिन्यांपूर्वी फोनवर, कढईत फोडणी असताना. भाऊजी म्हणाले होते, बदलीचं चाललंय, वेळ आली तर मुलांचं बघाल ना वहिनी. मी म्हणाले होते, हो, बघते.

मंडपात टाळ्या पडल्या. सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. भाऊजींनी चांगल्या हेतूनं माईक माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, "वहिनींची तब्येत बरी नाही, पण दोनच शब्द."

आता दोन काय, एक शब्द काढायलाही मला जबड्याची परवानगी घ्यावी लागत होती. मुलं चांगली होती. त्यांना माझी काही अडचण झाली नसती, आणि मला त्यांची. सकाळचे दोन डबे, दोन दप्तरं, दोन आजारपणं, दोन परीक्षा, एवढंच. कानापुढची कडी ठसठसायला लागली. मी तोंड उघडायचा प्रयत्न केला, ते बोटभर उघडलं, आणि दातांच्या फटीतून, माईकवरून, सगळ्या मंडपात माझा आवाज गेला.

"नाही."

साधाच म्हणायचा होता. पण दात आवळलेले, ओठ ताणलेले, आणि मागून वाफ सुटावी तसा श्वास. मंडपवाल्याचे स्पीकर चांगले होते. तो शब्द असा काही निघाला की पुढच्या रांगेतल्या दोन बायका मागं सरकल्या. मला एवढा राग आलाय हे मलाच तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं.

भाऊजींनी माईक खाली घेतला. आमचे हे खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. वन्सं माझ्याकडं बघत होत्या. मला वाटलं आता या भावाची बाजू घेणार. त्या म्हणाल्या, "विक्रम, वहिनींना विचारून सांगायचं होतंस ना. त्या सगळ्यांनाच बघते म्हणतात, म्हणून ते हो नव्हे." लाडवांनी त्यांना एवढं शिकवलं होतं.

तेवढ्यात फेट्यातले मामा खाकरले.

"मलाही हा कार्यक्रम नको होता," ते शांतपणे म्हणाले. "सगळे एवढं करताय म्हणून गप्प बसलो. हा फेटा काढला तर चालेल का? सकाळपासून कपाळ ठणकतंय."

यांनी पुढं होऊन फेटा काढला. मामांच्या कपाळावर लाल वळ उठला होता. पंगत बसली. जिलबी वाढली गेली. मी स्टीलच्या पेल्यातून नळी लावून मठ्ठा प्यायले आणि माझ्याशेजारच्या दोन्ही जागा शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या.

भाऊजी त्याच संध्याकाळी ठाण्याला निघून गेले. वर्षभर त्यांचा फोन आला नाही. मुलांना त्यांनी सुरतेला नेलं, तिथं ती छान रमली, थोरला पुढं गुजरातीत भांडायलाही शिकला. नंतर एका दिवाळीला भाऊजी आले आणि काही झालंच नाही अशा थाटात माझ्या हातचं पिठलं मागून जेवले. माझा जबडा सुटायला दीडेक महिना लागला. एका सकाळी जांभई आली आणि ती पूर्ण झाली. यांना उठवून मी ती परत करून दाखवली. कव्हरही झालं. ते घातल्यावर मी रात्री फार भयानक दिसते असं यांचं मत होतं, पण त्यांनी ते एकदाच बोलून दाखवलं. मला राग आलाय असं मी म्हणाले. ते सॉरी म्हणाले. असं पुढं अधूनमधून व्हायला लागलं, आणि आकाश काही कोसळलं नाही. पोटाच्या गोळ्या पर्समधून कधी गेल्या ते मला आठवत नाही.

या सगळ्यातलं मला जे खरं लक्षात राहिलंय ते मात्र पंच्याहत्तरीच्या दुसऱ्या दिवशीचं, सोमवारचं. पाहुणे गेले होते. हे कामावर, मामा ओसरीवर. दुपारी मी आणि आत्याबाई मागच्या दारी उरलेले तांदूळ उन्हात पसरून बसलो होतो. आत्याबाई सकाळपासून माझ्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. रविवारच्या त्या "नाही" बद्दल आता बोलणी बसणार म्हणून मी वाट बघत होते.

"त्यो डाक्टर," त्या एकदम म्हणाल्या, "खरंच म्हनला का, राग गिळून दात झिजत्यात म्हनून?"

मी मान हलवली.

त्यांनी तांदळातला खडा उचलून बाजूला टाकला. मग तोंडात हात घालून दोन्ही कवळ्या काढल्या, पदराला पुसल्या आणि हातात धरून त्यांच्याकडं बघत बसल्या. त्यांचं बोळकं तोंड मी कधीच पाहिलं नव्हतं. आमच्यासमोर त्या कधी कवळी काढत नसत.

"चाळिशीतच गेलं माजं सगळं," त्या म्हणाल्या. कवळीशिवाय शब्द मऊ येत होते. "सासू म्हनायची मिश्रीनं गेलं. मी मिश्री लावतच न्हवते गं. पन तसं सांगितलं न्हाई कधी."

मला वाटतं, जबडा धड असता तरी मी काही बोलले नसते. थोड्या वेळानं त्यांनी कवळ्या परत बसवल्या, दातांवर दात एकदा आपटून बघितले.

इतक्यात ओसरीवरून मामांची हाक आली. चहाची वेळ झाली होती. लग्न झाल्यापासून या हाकेला आत्याबाई बसल्या जागेवरून उठत होत्या. त्यांनी गुडघ्यावर हात टेकला, अर्धवट उठल्या, आणि परत खाली बसल्या.

"आज तुमचा तुमी करून घ्या," त्या आतल्या दिशेनं मोठ्यानं म्हणाल्या. इतक्या मोठ्यानं, की भिंतीवरचं कबूतर उडालं.

ओसरीवरून पावलं स्वयंपाकघरात गेली. डबे सरकले. एक झाकण खाली पडून गरागरा फिरलं. मामांचा आवाज आला, साखरेचा डबा कुठं असतो म्हणून. पंच्याहत्तर वर्षं पुरी केलेल्या माणसानं हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा विचारला होता.

मी डबा दाखवायला उठायला लागले. आत्याबाईंनी माझा पदर धरला.

"सांगू नको," त्या म्हणाल्या. "शोधू दे."